जाळं विणणारी बाई आता वर बघत नाही

जाळं विणणारी बाई आता वर बघत नाही, असं कुणीतरी लिहिलं होतं. सकाळच्या तक्रारींच्या ढिगात ही एक. तिच्या वरची तक्रार म्हणत होती की गेम सुरू केला की स्क्रीन काळी होते आणि नुसता समुद्राचा आवाज येत राहतो. खालची म्हणत होती, होडी पाण्यातून जायच्या ऐवजी पाण्याच्या वीतभर वरून जाते. आणि या दोघींच्या मधे हे एवढंसं वाक्य, त्यात ना वैताग, ना शिवीगाळ. विर्पीने तोंडाशी नेलेला कॉफीचा कप तसाच धरून ठेवला. खिडकीबाहेर ट्राम वळली, रुळांवरचा चिखल झालेला बर्फ तिने दोन्ही बाजूंना उडवला, आणि विर्पीला वाटलं, अंधारात जिना उतरताना आपली एक पायरी चुकली आहे. पाय खाली जातोय आणि जमीन येत नाहीये.

तिने तो गेम उघडला. 'धुक्याची खाडी'. एका ओसाड होत चाललेल्या कोळ्यांच्या गावात एक माणूस आपल्या भावाला शोधत येतो, एवढीच त्याची गोष्ट. त्यात बंदुका नव्हत्या, राक्षस नव्हते. जुना गेम आला तेव्हा विर्पी पंचविशीत होती, आणि तो बनवणाऱ्या मूठभर लोकांपैकी एक होती. ती कंपनी पुढे बुडाली, माणसं पांगली, आणि इतक्या वर्षांनी एका नव्या कंपनीने हक्क विकत घेऊन तोच गेम नव्या मशिनांसाठी, नव्या चकचकीत चित्रांसह पुन्हा काढला. जुन्यातली म्हणून विर्पीला बोलावून घेतलं. गेल्या महिन्यात तो बाजारात आला आणि त्या दिवसापासून ती ठिगळं लावत बसली होती. पहिला पॅच आवाजासाठी. दुसरा पॅच मोठ्या दुखण्यासाठी: खेळता खेळता कुणी चहा करायला उठून गेलं आणि परत येऊन बटण दाबलं, की सगळा गेमच धाडकन बंद पडायचा. ते दुखणं विर्पीने शोधलं, बरं केलं, आणि त्या दिवशी पिर्योने सगळ्यांसाठी वेलचीचे पाव आणले होते. पिर्यो म्हणजे त्यांच्या गटाची प्रमुख, साठीला आलेली, ठसठशीत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी चष्मा वर ढकलणारी.

आता विर्पीने गेममधल्या आपल्या माणसाला धक्क्यावर चालवत नेलं. धक्का अरुंद, एका वेळी एकच माणूस उभा राहील असा. टोकाला ती बाई मांडीवर जाळं घेऊन बसलेली. नव्या आवृत्तीत तिच्या शालीचा धागा न् धागा दिसत होता, नखांतला मळसुद्धा. विर्पीने हात टेबलावर ठेवले आणि वाट पाहिली. जुन्या गेममधे त्या बाईला काही विचारता येत नसे आणि ती काही देतही नसे. पण तिच्यासमोर बराच वेळ, एकही बटण न दाबता उभं राहिलं, तर तिचे हात थांबत, ती मान वर करी आणि बघे. एवढंच. कुठल्याही पुस्तिकेत हे लिहिलेलं नव्हतं. शाळांच्या मधल्या सुट्ट्यांतून पोरांनी ते एकमेकांना सांगितलं होतं. विर्पी वाट बघत राहिली. सुई आत, सुई बाहेर. कॉफीवर साय धरली. बाई विणत राहिली.

"किती जणांनी लिहिलंय?" पिर्योने विचारलं.

"सध्या एकाने."

"मग सोड की. होडीचं बघ आधी. उडती होडी घेऊन मला परवा वरच्या लोकांसमोर बसायचंय." चष्मा वर गेला. "आणि तू अशी पांढरी का पडलीस? ताप आहे का?"

"नाही गं. झोप नाही झाली नीट."

होडी तिने दुपारपर्यंत पाण्यात उतरवली. नव्या चित्रकारांनी पाण्याची पातळी बदलली होती आणि होडीला कुणी सांगितलंच नव्हतं, इतकं साधं. पण हात होडीवर होते तेवढा वेळही मनाने ती धक्क्यावरच उभी होती. संध्याकाळी घरी जाताना ती नदीवरच्या पुलावर थांबली. खाली धबधब्याचं पाणी काळं होऊन पडत होतं, कडेला बर्फाच्या पापुद्र्यांचे तुकडे एकमेकांवर चढले होते, आणि पलीकडे जुन्या सूतगिरणीच्या विटांच्या भिंती. त्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होतं त्यांचं पहिलं ऑफिस. आता तिथे जिम आहे. काचेआड माणसं जागच्या जागी पळताना दिसतात. तेव्हा तिथे लाकडी जमीन करकरायची, हीटर एका बाजूला भाजायचा आणि दुसरी बाजू गारठलेली असायची, आणि गारठलेल्या बाजूला खिडकीशी यार्नो बसायचा. उंच, वाकलेला, स्वेटरच्या बाह्या तळव्यांपर्यंत ओढलेला. गावातली माणसं त्याच्याकडे होती, म्हणजे त्यांनी कसं चालायचं, कधी वळायचं, कुणाला बघून थबकायचं, ते तो लिहायचा. विर्पीकडे समुद्र, धुकं, हवामान. त्या हिवाळ्यात ती काही ना काही निमित्त काढून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहायची. बोलायची नाही. तोही मान वर करायचा नाही. बोटं कीबोर्डवर थांबलेली असायची, मानेवरचे सोनेरी केस दिसायचे, आणि ती नुसती उभी राहायची, बसस्टॉपवर उभं राहावं तशी. मग बऱ्याच वेळाने तो वळायचा आणि तिच्याकडे बघायचा. काय, असंही म्हणायचा नाही. ती जायची. असं कितीदा तरी झालं. त्यापलीकडे काहीच झालं नाही. एकदा गिरणीच्या फाटकाशी दोघांनी उभ्या उभ्या मुस्तामाक्कारा खाल्लं, रक्ताचं ते काळं सॉसेज, तेव्हा त्याच्या ओठाला लागलेला लाल बेरीचा मुरंबा पुसावासा वाटला होता आणि तिने हात खिशातच ठेवला होता. गेम पुरा व्हायच्या आठवड्यात तो ऑफिसला यायचा बंद झाला. नोकरी सोडली, गावी गेला, असं कुणीतरी सांगितलं. मग गेम आला, आणि विर्पी घरी एकटीच खेळत धक्क्यावर पोचली, जरा दमली म्हणून हात मांडीवर ठेवून बसली, आणि त्या बाईने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

ते तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? पण आपण खुर्चीमागे उभं राहिलो ते वाया गेलं नाही, असं तिने तेव्हा मनाशी धरलं. त्याने जे तोंडाने म्हटलं नाही ते करून ठेवलं होतं, आणि आता जगभर लाखो पोरं त्या बाईसमोर उभी राहत होती आणि खरं काय ते फक्त तिला माहीत होतं. पुढे लग्न झालं, ते मोडलं. मग एका सुताराबरोबर काही वर्षं राहिली, तो चांगला होता, तोही गेला. "तू असतेस, पण तुझं लक्ष दुसरीकडे कुठेतरी असतं," असं तो जाताना म्हणाला होता, रागाने नव्हे, जरा कुतूहलाने. तेव्हा तिला त्याची कीव आली होती. वर्षातून एखादी दुपार ती कपाटातलं जुनं मशीन काढी, धूळ पुशी, आणि धक्क्यावर जाऊन उभी राही. बाई बघे. मग मशीन पुन्हा कपाटात.

दुसऱ्या दिवशी तक्रारी वाढल्या, तिसऱ्या दिवशी पिर्यो स्वतःच खुर्ची ओढून विर्पीशेजारी बसली. "आता मला सांग, ही बाई कोण? सगळे तिच्याबद्दलच बोलतायत. होडीचं कुणी नावच काढत नाही." औलू शहरातल्या एका माणसाने लांबलचक लिहिलं होतं. तो चौदा वर्षांचा असताना त्याच्या घरात आजारपण होतं, सगळे त्याच्या धाकट्या बहिणीच्या खाटेभोवती असायचे, आणि तो शाळेतून आला की दप्तर न काढता धक्क्यावर जाऊन उभा राहायचा. तुम्ही चित्रं सुंदर केलीत त्याबद्दल आभार, त्याने लिहिलं होतं, पण तिला का बंद केलंत?

"बंद कुणी केलं?" पिर्योने विचारलं.

"मीच. दुसऱ्या पॅचनंतर झालंय हे."

"मग चालू कर."

"कशाने बंद झालं तेच कळत नाहीये."

हे खरं होतं आणि त्यानेच तिची झोप उडाली होती. जुना कोड तिने वरपासून खालपर्यंत वाचला. यार्नोचा हात तिला ओळखू येत होता. तो कमी लिहायचा, नीटस लिहायचा, मधे मोकळ्या ओळी सोडायचा. गावातली माणसं कशी चालतात ते होतं. पावसात छपराखाली जातात ते होतं. बाईचं विणणं होतं. पण खेळणारा समोर उभा राहिला तर त्याच्याकडे बघ, असं सांगणारं एकही वाक्य कुठेही नव्हतं. ती पुन्हा पहिल्यापासून वाचायची. दुसरा पॅच काढून टाकला की बाई बघायची, पॅच घातला की विणायची. काढ, घाल, काढ, घाल, दिवसभर तेच. इतकं खोल त्याने ते लपवलं होतं? कुणापासून? रात्रीच्या जेवणाला तिने राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी लावलं आणि न खाताच सुरी धरून उभी राहिली. डोक्यात सुई आत, सुई बाहेर. लपवलेल्या गोष्टीचा एक अभिमान असतो, तो तिला वाटत होता. आणि त्याच्याच पोटात कुठेतरी बारीक कुरतडणं सुरू झालं होतं. तिने आपला हात लावून जे बरं केलं त्यानेच हे गेलं होतं. मग ते दुखण्याचाच भाग होतं का? हा विचार आला की ती उठून खिडकी उघडायची, गार हवा घ्यायची आणि खिडकी लावायची.

शेवटी तिने त्याचा नंबर शोधला. शोधायला काहीच लागलं नाही, हे तिला जरा लागलं. इतकी वर्षं तो नंबर असा सगळ्यांना दिसेल असा पडून होता. राउमा नावाच्या गावी तो दात बनवत होता, म्हणजे कवळ्या, दातांवरच्या टोप्या, दंतवैद्यांना लागतं ते सगळं.

"विर्पी? धुकंवाली विर्पी?" फोनवरचा आवाज जाड झाला होता, पण हसरा. "अगं, काय हे! जिवंत आहेस होय!"

तिने जाळं विणणाऱ्या बाईचं सांगितलं.

"हां हां, ती. अगं ते सोपं आहे, फोनवर सांगतो ना."

"नको," ती एकदम म्हणाली. "मी येते."

"एवढ्याशासाठी?" तो म्हणाला, "बरं, ये. शनिवारी ये. बायको पोरांना घेऊन तिच्या आईकडे जातेय, मी मोकळा आहे. कॉफी तरी पिऊ."

गाडीत तिला बसवेना. नोकिया गाव गेलं, पाइनची झाडं, मोकळी शेतं, शेतांवर जुना राखाडी बर्फ आणि मधेच काळी ओली माती. समोरची म्हातारी शब्दकोडं सोडवत होती आणि दर थोड्या वेळाने पेन्सिल चाटत होती. विर्पी उठली, डब्याच्या टोकाला गेली, परत आली. मनात ती वाक्यं जुळवत होती आणि ती सगळी तिला खोटी वाटत होती. तू ते माझ्यासाठी केलंस का, असं कसं विचारायचं पन्नाशीला टेकलेल्या बाईने? विचारायचंच कशाला? तो आपणहून बोलेल. फोनवर सांगण्यासारखं सोपं आहे म्हणाला, म्हणजे माणूस अवघड गोष्टींना सोपंच म्हणतो. कोकेमेकीला उतरून तिने बस घेतली. बसमधे हीटर पायांवर भाजत होता, तिने बूट काढले, पुन्हा घातले.

यार्नो जाडा झाला होता. केस गेले होते, दाढी आली होती, आणि बाह्या कोपरापर्यंत वर दुमडलेल्या. घराच्या मागच्या खोलीत त्याचं काम चाले; शेल्फांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला चिठ्ठी. खोलीला मेणाचा आणि कसलातरी जळका गोडसर वास होता. त्याने कॉफी ओतली, पावाची पिशवी फाडून तशीच मधे ठेवली.

"लाजू नकोस, यातले कुणी चावत नाहीत," तो जबड्यांकडे हात करून म्हणाला. हा विनोद तो येणाऱ्या प्रत्येकाला करत असणार.

थोडा वेळ कोण कुठे आहे त्याच्या गप्पा झाल्या. मग त्याने हात झटकले. "तर ती बाई. तुझ्या नव्या पॅचने काय केलंस ते सांग आधी."

"खेळणारा बराच वेळ हलला नाही, तर जुना कोड त्याला यादीतून काढून टाकायचा. तेव्हाच्या मशिनांवर भार नको म्हणून. मग त्याने बटण दाबलं की गेम त्याला शोधायचा आणि तो सापडायचा नाही. नव्या मशिनवर तिथे सगळं कोसळायचं. मी ते काढणंच बंद केलं. आता तो कायम मोजला जातो."

"झालं तर मग. तूच सांगितलंस की."

"काय सांगितलं?"

"अगं, गावातल्या सगळ्या माणसांना मी एक सवय लावली होती. जवळपास कुणी नसलं की त्यांनी हातातलं काम थांबवून वाटेकडे बघायचं. गाव रिकामं असताना भकास वाटावं म्हणून. हे वाचलंस ना कोडमधे?"

"वाचलं." तिने ते खरंच वाचलं होतं. दहादा वाचलं होतं.

"मग? खेळणारा तिच्यासमोर उभा. हलत नाही. आपण त्याला मोजायचं बंद केलं. म्हणजे तिच्या लेखी तिथे कुणीच नाही. ती मान वर करते आणि वाटेकडे बघते. आणि हा मठ्ठ नेमका वाटेतच उभा!" तो मांडीवर थाप मारून हसला. "त्याला वाटतं, माझ्याकडे बघतेय."

विर्पीच्या हातात कधीतरी एक जबडा आला होता. खालचा, कुणातरी म्हाताऱ्याचा असावा, मधले दोन दात नसलेला. त्याच्या खाचेत तिचा अंगठा बसला होता. बाहेर कुणाच्या तरी छपरावरून बर्फाचा थर घसरला आणि धपकन खाली पडला.

"तुला हे तेव्हाच माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं. शेवटच्या आठवड्यात सापडलं ते. मी मीटिंगमधे दाखवलं, सगळे लोळले हसून. साहेब म्हणाले, राहू दे, झकास दिसतंय. तू नव्हतीस का? हां, तू आजारी होतीस वाटतं."

ती आजारी होती. कानाचं दुखणं होतं, डोक्याला लोकरी फडकं बांधून ती घरी पडली होती आणि खिडकीतून बर्फ पडताना बघत यार्नोच्या मानेचा विचार करत होती. ती परत आली तेव्हा तो नव्हता.

"आणि तू न सांगता गेलास."

"बाबांना झटका आला ना. सांगितलं असणार मी तुला." त्याने आठवायचा प्रयत्न केला, कपाळाला आठ्या पडल्या, मग सोडून दिला. "नाही का? तुला सांगायला मी घाबरलोही असेन म्हणा."

"मला?"

"अगं, तू यायचीस आणि खुर्चीमागे उभी राहायचीस! एक शब्द नाही. मला वाटायचं, ही माझा कोड तपासतेय. घाम फुटायचा मला. एक अक्षर टाइप होत नसे. मग हिंमत करून मागे वळून बघायचो, तेव्हा कुठे तू जायचीस." आणि तो पुन्हा हसला, अगदी मोकळं, इतक्या वर्षांनी एकदाचं सांगून टाकल्यासारखं. मग तिचं तोंड बघून थांबला. "काही चुकीचं बोललो का मी?"

"नाही रे," विर्पी म्हणाली. "तपासतच होते. तुझ्या मोकळ्या ओळी फार असायच्या."

परतीच्या बसमधे तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. काहीतरी वेगळंच होत होतं. अंगावरचं एखादं जड पांघरूण कुणीतरी ओढून घ्यावं आणि गारठा लागावा, पण हातपाय मोकळे व्हावेत, तसं. ती स्वतःशीच संतापत होती, मग तिला हसू फुटत होतं, मग पुन्हा लाजेने कानशिलं तापत होती. सुतार आठवला. त्याच्या हाताला सदैव रंध्याचा, ताज्या लाकडाचा वास यायचा आणि तो जेवताना तिच्याकडे बघत राहायचा. प्रत्येक जेवणाला. त्याचं बघणं तिने कधी मोजलंच नव्हतं. पुढे बसलेल्या मुलीच्या हेडफोनमधून बारीक ठेका ऐकू येत होता, काचेवर विर्पीचा चेहरा आणि पलीकडे पळणारी झाडं एकात एक मिसळली होती, आणि पोचेपर्यंत सुताराचं ते बघणंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

सोमवारी पिर्योने सोपा उपाय सुचवला. "तिला सरळ सांग, खेळणारा उभा राहिला की त्याच्याकडे बघ. एका ओळीचं काम. लोकांना फरक थोडाच कळणार?" विर्पीने तसं केलं. बाई बघू लागली. माणूस अर्धं पाऊल सरकला तरी तिची नजर त्याच्याबरोबर सरकायची. तो पॅच त्यांनी आधी काही जुन्या खेळाडूंना पाठवला, औलूच्या माणसालाही. उत्तरं लगेच आली. ही दुसरीच बाई आहे. ही टक लावून बघते, भीती वाटते. औलूच्या माणसाने लिहिलं, पूर्वी ती बघायची तेव्हा तिला माझ्याकडून काहीच नको असायचं.

विर्पीने ती ओळ पुसून टाकली. मग ती दोन दिवस जुन्या दुखण्याशी झगडली. बाकीच्या सगळ्या गेमने खेळणाऱ्याला धरून ठेवायचं, म्हणजे काही कोसळणार नाही; आणि फक्त एका त्या बाईला तो काही वेळाने दिसेनासा व्हायला हवा. हे लिहिणं अवघड होतं. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उसवायचं. एकदा तर गावातला प्रत्येक जण एकाच वेळी मान वळवून वाटेकडे बघायला लागला आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकून ओरडला. पण जमलं. चाचणीवाल्यांनी तासन्‌तास उभं राहून, उठून जाऊन, परत येऊन बटणं बडवून पाहिलं, गेम बंद पडला नाही.

"काय होतं गं शेवटी?" पिर्योने विचारलं.

"एका ठिकाणी मोजणी चुकत होती. ती चुकू दिली."

"हे मी वर असं सांगू?"

"सांग, जुनं वागणं परत आणलं."

चष्मा वर गेला. "आणि त्या औलूवाल्याला सांगशील ना, कशामुळे बघायची ते? फार विचारतोय."

"तो चौदा वर्षांचा असताना धक्क्यावर उभा होता आणि कुणीतरी मान वर केली," विर्पी म्हणाली. "त्यात मी कुठे येते?" पिर्योला ते कळलं नाही, पण तिने मान डोलावली.

पॅच गेला त्या दुपारी विर्पी स्वतः धक्क्यावर जाऊन उभी राहिली. हात मांडीवर. बाईने जाळं थांबवलं, मान वर केली. या वेळी विर्पीने एक गोष्ट केली जी इतक्या वर्षांत केली नव्हती. तिने आपल्या माणसाला मागे वळवलं, बाई कुठे बघते ते बघायला. बटण दाबताच बाईने मान खाली घातली असणार, पण विर्पीची आता तिच्याकडे पाठ होती. समोर धक्क्यावरून गावात जाणारी वाट होती. दोन्हीकडे उपड्या होड्या, तारेवर वाळत घातलेले मासे, पुढे चढण, चढणीवर धुकं. ते धुकं तिचं होतं, तिने स्वतः ते महिनोन्‌महिने घुसळून पातळ केलं होतं. वाट छान काढली होती कुणीतरी. ती जरा वेळ तिथे थांबली आणि मग चालत चढण चढून गेली.

औलूहून एकच शब्द आला: हीच.

ईस्टरच्या सुट्टीआधी ऑफिस लवकर रिकामं झालं. विर्पी कोट घालत होती तेवढ्यात फोन वाजला. यार्नो.

"अगं, मी विकत घेतला तुझा गेम. पोरांना दाखवावं म्हटलं, बाप काय करायचा ते. पण चालतच नाही. नुसती काळी स्क्रीन आणि समुद्र ओरडतोय."

"पॅच घातलास का?"

"कसला पॅच?"

"अरे देवा," विर्पी म्हणाली. कोटाची एक बाही अंगात, एक लोंबती. "स्वतः गेम बनवायचास ना रे तू?"

"आता दात बनवतो. दातांना पॅच लागत नाहीत. बोल, काय करू?"

ती खुर्चीच्या हातावर टेकली. आधी सगळं बंद करायला लावलं, मशीन पुन्हा सुरू करायला लावलं. कुठे जायचं, काय उघडायचं, काय उतरवून घ्यायचं ते एकेक करून सांगितलं. तो चुकीच्या जागी गेला, तिने परत आणला. मागे पोरं भांडत होती, कुणीतरी "बाबा, मी दाबू?" म्हणत होतं, आणि तो त्यांना दटावत होता. मग पॅच उतरायला लागला आणि करण्यासारखं काही उरलं नाही. तो काही बोलला नाही, तीही बोलली नाही. खिडकीबाहेर ऊन पडलं होतं, वर्षातलं पहिलं ऊब असलेलं ऊन, आणि छपरांवरून पाणी ठिबकत होतं. विर्पीने डोळे मिटले.

"विर्पी?" फोनमधून आवाज आला. "आहेस का?"

"आहे."

"काही आवाज येईना म्हणून विचारलं."

"आहे रे," ती म्हणाली. "आता काय दिसतंय ते सांग."